इन्ग्रिडला पागल म्हणणाऱ्यांसाठी

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सोशल मीडियाच्या वेडावरच्या सिनेमांबद्दल तुम्ही वाचकांच्या प्रतिक्रिया छापल्या होत्या, त्यात 'इन्ग्रिड गोज वेस्ट' या इंग्रजी सिनेमावर पाच-सहा जणांनी लिहिलं होतं, ते वाचून हे पत्र लिहायला बसले. एकानं लिहिलं की पागल पोरीची धमाल कॉमेडी आहे, एका ताईंनी लिहिलं की असल्या पोरींच्या हातात मोबाईलच देऊ नये, आणि एका कॉलेजच्या मुलानं लिहिलं की शेवट एक नंबर आहे, तिला पाहिजे होतं ते शेवटी भेटलंच. हे तिसरं वाचून माझा जीव घाबरला, खरं सांगते. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. सिनेमावर लिहिणं हे काही माझं काम नाही, पण हा सिनेमा आम्ही गावातल्या बाया-पोरांनी एका जागी बसून पाहिला आहे, आणि आमच्याकडे लोक हसले कुठं आणि गप झाले कुठं ते तुमच्या वाचकांपर्यंत पोचलं पाहिजे असं मला मनापासून वाटते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि शेवटही सांगणार आहे कारण भांडण शेवटाचंच आहे. सिनेमा 2017 चा, मॅट स्पायसर या दिग्दर्शकाचा पहिलाच, सनडान्स फेस्टिव्हलमध्ये त्याला पटकथेचं बक्षीस भेटलं होतं. इन्ग्रिडचं काम ऑब्री प्लाझानं केलं आहे आणि काय केलं आहे बाई, तिच्या डोळ्यांकडं पाहवत नाही. इन्ग्रिड एकटी पोरगी, माय नुकतीच वारलेली. सुरुवातीलाच ती एका लग्नात घुसते आणि नवरीच्या तोंडावर पेपर स्प्रे मारते, काहून तर लग्नाला बोलावलं नाही. मागून समजते की नवरी तिची मैत्रीण नव्हतीच, इन्ग्रिडच्या पोस्टवर तिनं एकदा कमेंट केली होती, तेवढीच ओळख. मग इन्ग्रिडला मानसिक आजाराच्या दवाखान्यात ठेवतात. पुढं टेलर नावाच्या एका इन्फ्लुएन्सरबद्दल ती मासिकात वाचते, इन्स्टाग्रामवर कमेंट टाकते, टेलर सहज रिप्लाय देते, आणि त्या एका रिप्लायवर ही पोरगी मायनं मागं ठेवलेले साठ हजार डॉलरच्या आसपासचे पैसे घेऊन थेट लॉस एंजेलिसला राहायला जाते. टेलर जाते त्याच हॉटेलात जेवते, तिच्यासारखे केस करून घेते, तिचा कुत्रा चोरते आणि हरवलेला सापडला म्हणून परत नेऊन देते, म्हणजे ते घरात घेतील, जेवायला बसवतील. आणि तसंच होते.

आमच्याकडे कसा पाहिला ते सांगते. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तो महालक्ष्म्यांसाठी गावाकडं आला होता, त्यानं लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला. सपरीत पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे, आमच्या बचत गटाच्या बाया, दोन-तीन म्हाताऱ्या, शाळेतल्या पोरी असे सगळे दाटीवाटीनं बसले. इंग्रजी पूर्ण कोणालाच समजत नाही म्हणून भाचा थांबवून थांबवून वऱ्हाडीत सांगत होता, आणि मला वाटते त्या थांबवण्यानंच सगळा फरक पडला. एकट्यानं मोबाईलवर पाहिला असता तर सीन निघून गेला असता, इथं दर पाच मिनिटाला सिनेमा थांबे आणि लोक बोलायला लागत. पेपर स्प्रे मारला तेव्हा सगळे हसले, मीपण हसले. कुत्रा चोरला तेव्हा तर पोट्टे लोळायचे बाकी राहिले होते. पैशाचा आकडा ऐकून एकानं मोबाईलवर हिशोब केला, "पन्नास लाख होते ना बे आजच्या भावानं, वावर येते एवढ्यात," आणि मग सगळ्यांचं एकच मत पडलं की पोट्टी पागल आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या वाचकाचं आणि आमच्या सपरीचं तिथपर्यंत एकच होतं.

मग माझी मोठी माय बोलली. सत्तरीच्या पुढची बाई, अर्धा वेळ डोळे मिटून बसली होती, आम्हाला वाटलं झोपली. ती भाच्याला म्हणाली, "थांबव थांबव. इची माय मेली म्हनते ना तू? मंग मातीले कोन कोन आलं होतं?" भाचा म्हणाला ते दाखवलं नाही आजी, सिनेमा त्याच्या नंतरचा आहे. तर म्हणे, "तेरवी कोनं केली? इच्यापाशी कोन बसलं होतं?" भाच्याकडं उत्तर नव्हतं. "दाखवलं नाई म्हंजे कोनी आलंच नसन," असं म्हणून ती परत भिंतीला टेकली.

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत त्या सिनेमावर जे जे आलं त्यात हा प्रश्न कोणीच विचारला नाही. सगळ्यांनी पोरगी मोबाईलमध्ये काय करते ते पाहिलं, मोबाईलच्या आधी तिच्या घरात काय झालं ते पाहिलं नाही. आमच्या गावात माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजारून येतो, दहा दिवस बाया येऊन बसतात, त्यात टोमणे पण असतात, कोणाच्या जुन्या भांडणाच्या गोष्टी पण निघतात, पण घरच्या माणसाला एकटं सोडत नाहीत. इन्ग्रिडच्या वाट्याला यातलं काही आलेलं दिसत नाही. तिला पैसे भेटले आणि फोन तर हातात होताच. त्या फोनवर कोणी तरी एक ओळ लिहून उत्तर दिलं तर ती त्या ओळीच्या मागं दुसऱ्या गावाला निघून गेली, आणि आपण म्हणतो पागल.

माझ्या कामाचं एक सांगते, ते इथं लागू आहे. आम्ही आशा घरोघरी जाऊन एक फॉर्म भरतो, सीबॅक म्हणतात त्याला, बीपी, शुगर, कॅन्सरच्या तपासणीसाठीचा, 30 वर्षांच्या वरच्या माणसांचा. त्याच्या शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न असतात, मागच्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश असं किती वेळा वाटलं. मार्क जास्त आले की पुढं डॉक्टरकडं पाठवायचं असते. चांगले प्रश्न आहेत, मी मनापासून विचारते, आणि कधी कधी एखादी बाई त्या दुसऱ्या प्रश्नाला जी रडायला लागते ती अर्धा तास थांबत नाही. पण तिशीच्या खालच्या पोरांना आणि सुनांना हे प्रश्न त्या फॉर्मवर कोणीच विचारत नाही. आणि इन्स्टाग्राम कोण वापरते? तीच पोरं, त्याच सुना. 2016 ला जिओ आलं तेव्हापासून आमच्याकडं घराघरात नेट आलं, मग टिकटॉकचं फॅड आलं, 2020 च्या जूनमध्ये त्याच्यावर बंदी आली तेव्हा पोट्टे दोन दिवस तोंड पाडून फिरले आणि लगेच रील सुरू झाल्या, इतकं भरभर झालं हे सगळं, आणि या सगळ्या काळात त्यांच्या मनाचं विचारणारा एक साधा कागद आमच्या पिशवीत नाही.

आता जे लिहिते ते नाव-गाव न सांगता लिहिते. आमच्या भागात एक सून आहे, नवरा पुण्याकडं कंपनीत, घरी सासू-सासरे आणि लहान लेकरू. ती रील टाकायची. निंदायला गेली की धुऱ्यावर बसून, पोळ्याला बैल सजवले की बैलांजवळ उभी राहून, कधी तुरीच्या वावरात ओढणी उडवत, जुन्या गाण्यावर. वाईट काहीच नव्हतं त्यात. गावातल्या पोट्ट्यांनी तिच्या रीलखाली कमेंट सुरू केल्या, काकू वावरात लक्ष द्या, काकू तुमचे मालक पाहून राहिले का, हसण्याच्या इमोजीच्या रांगाच्या रांगा. मग ते रील गावच्या ग्रुपवर फिरले, मग सासऱ्यापर्यंत गेले, आणि तिचा फोन सासूच्या पेटीत गेला. पुढं ती लोहाच्या गोळ्या न्यायला माझ्याकडं आली तेव्हा बोलली, "ताई, दिवसभर माह्यासंग कामाबिगर कोनी बोलत नाई. तिथं एखादी अनोळखी बाई छान दिसता ताई म्हनत होती, तेवढंच." मला त्या वेळी तिला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचं होतं, ते सांगितलं, आणि तिच्याजवळ बसून राहिले, ओपीडीचा टाईम निघून गेला तरी.

ती सूनही त्या दिवशी सपरीत होती. सिनेमात एक जागा आहे, टेलरचा रिप्लाय आलेला असतो आणि त्याला काय लिहू म्हणून इन्ग्रिड नुसतं हसणं टाईप करते, हाहा लिहिते, खोडते, हेहे लिहिते, खोडते, परत वेगळं लिहिते, म्हणजे फार गळ्यात पडल्यासारखं पण वाटू नये आणि रुक्ष पण वाटू नये. पोट्टे हसले, कारण प्रत्येकानं हे केलेलं आहे, हसणं साहजिक आहे. ती एकटी हसली नाही, पदर तोंडाला लावून टीव्हीकडं पाहत राहिली. तिच्यामागं बसलेल्या पोट्ट्यांपैकी दोघं तेच होते ज्यांनी तिला काकू वावरात लक्ष द्या लिहिलं होतं. मी त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांना मी लहानपणी पोलिओचे थेंब पाजले आहेत, चांगली पोरं आहेत, सकाळी चारला उठून रनिंग करतात. पण मला तुमच्या त्या ताईंना सांगायचं आहे ज्यांनी लिहिलं की असल्या पोरींना मोबाईलच देऊ नये. ताई, आमच्याकडं हा उपाय करून पाहिला आहे, फोन पेटीत टाकला आहे, त्यानं तिच्याशी बोलणारं माणूस वाढलं नाही, जी एक अनोळखी बाई होती तीही गेली.

आणि टेलरचं काय ते तर कोणीच लिहिलं नाही. जिच्यासारखं व्हायला इन्ग्रिड जीव टाकते तिचा नवराच सांगतो की फोटोत जे आवडतं पुस्तक म्हणून दिसते ते तिनं वाचलेलंच नाही. आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष बाईंना हे फार लागलं, त्या म्हणाल्या मंग दोघी सारख्याच झाल्या ना, एकीजवळ फॉलोअर आहेत आणि एकीजवळ नाहीत एवढंच. मला हे पटते. सिनेमा त्या दोघींना सारखंच पाहतो, पाहणारे मात्र एकीला सुंदर म्हणून सोडून देतात आणि दुसरीला हसतात.

आता शेवट. इन्ग्रिडजवळचे पैसे संपत येतात, टेलरच्या वाळवंटातल्या घराशेजारी तिनं घर घेतलेलं असते, बिल भरायला पैसे नाहीत म्हणून लाईट कापली जाते, आणि शेजारी टेलरकडं पार्टी चालू असते. (लाईट कापली तेव्हा आमच्याकडं कोणी हसलं नाही, ते सगळ्यांना समजते.) टेलर तिला तोंडावर सांगते की तू माझी मैत्रीण नाहीस. मग इन्ग्रिड रडत रडत खरं खरं बोलून एक व्हिडिओ टाकते आणि जीव द्यायचा प्रयत्न करते. वाचते. दवाखान्यात शुद्धीवर येते तर डॅन, म्हणजे आधीचा तिचा घरमालक, खरं प्रेम करणारा एकटाच माणूस त्या सिनेमात, तो सांगतो की तुझा व्हिडिओ व्हायरल झाला, लोक तुझ्या नावाचा हॅशटॅग चालवून राहिले. ती मोबाईल पाहते आणि हसते, आणि सिनेमा संपते.

तुमच्या वाचकानं लिहिलं की तिला पाहिजे ते भेटलं. आमच्याकडं पण एक पोट्टा हेच बोलला, "भेटलं ना बे तिले." मी तिथंच उठून लाईट लावली आणि म्हटलं की आता कोणी घरी जायचं नाही, यावर बोलायचं. कारण हा यवतमाळ जिल्हा आहे साहेब. साहेबराव करपे नावाचे शेतकरी आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे, 19 मार्च 1986 ला त्यांनी बायको-लेकरांसकट जीव दिला, त्या तारखेला अजून लोक उपास धरतात. तेव्हापासून आमच्या भागातल्या किती घरात हे झालं ते तुमच्याच पेपरात रोज आलं आहे. घरातलं माणूस गेलं की मग गाड्या येतात, पुढारी येतात, फोटो निघतात, सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. जिवंत असताना त्याचं ऐकायला कोणी येत नाही आणि गेल्यावर सगळा गाव जमतो, हे आमच्या लेकरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरानं तो शेवट पाहून भेटलं ना तिले म्हणणं हे सिनेमाचं कौतुक नाही, त्याला असं वाटून राहिलं आहे की लोकांनी आपलं ऐकावं यासाठी एवढं करावं लागते. मला त्याची भीती वाटते. आणि मला नाही वाटत सिनेमा बनवणाऱ्यानं तो शेवट आनंदाचा म्हणून दाखवला आहे. त्या हसण्यात तिचा आजार बरा झालेला नाही, ज्या गोष्टीनं तिला तिथपर्यंत आणलं तीच गोष्ट परत हातात आली आहे, आता तर लाखो लोकांकडून. पुढचा महिना कसा जाईल तिचा? हॅशटॅग चार दिवसांनी बंद पडेल, तेव्हा खाटेजवळ कोण असेल? डॅन असेल, तिनं त्याच्याकडं पाहिलं तर.

आम्ही त्या रात्री लय वेळ बसलो. त्या पोट्ट्यालाच मी विचारलं की तुला कधी असं वाटते का, सगळ्यांसमोर नाही, मागून, चहाच्या टायमाला. तो म्हणाला भरतीत दोनदा मार्क कमी पडले तेव्हा वाटलं होतं, कोणाला सांगितलं नाही, स्टेटस ठेवलं होतं, लोकांनी हार्ट टाकले. मी त्याला आमच्या आरोग्य केंद्रातल्या मॅडमकडं घेऊन गेले, आता तो दर पंधरा दिवसांनी माझ्या घरी चक्कर टाकते. त्याची परवानगी घेऊन हे लिहून राहिली आहे. आणि हेही लोकांना माहीत नाही म्हणून सांगते, जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून पोलीस केस होईल या भीतीनं घरचे लपवतात, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस फार ताणात होता असंच धरतात, त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरवलेलं आहे. दवाखान्यात न्यायला घाबरू नका.

माझं म्हणणं असं नाही की हा सिनेमा पाहू नये. उलट पाहावा, पण रात्री चादरीत एकट्यानं नाही, चार माणसांत, थांबवून थांबवून, म्हातारी माणसं संग घेऊन पाहावा. ज्यांच्याकडं इंग्रजी समजणारं एखादं लेकरू सुटीत येते त्यांनी त्याला दुसरं काम सांगू नये, हे काम सांगावं.

आणि तुम्हाला एक विनंती आहे साहेब, रागावू नका. प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याचे नियम स्वीकारले आहेत, ठळक मथळे नको, पद्धत सांगू नये, मदत कुठं भेटेल ते द्यावं, असे. ते बातम्यांसाठी आहेत हे मला समजते, पण सिनेमाच्या प्रतिक्रिया पण पोरंच वाचतात. 'शेवट एक नंबर' ही ओळ तुम्ही चौकटीत मोठ्या अक्षरात घेतली होती. त्याच्याखाली मदतीचा नंबर नव्हता. सरकारची टेलि-मानस सेवा 2022 पासून चालू आहे, नंबर 14416, चोवीस तास लागते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. आमच्या गावात मी तो अंगणवाडीच्या भिंतीवर आणि फ्लोअर मिलच्या दारावर लिहून घेतला आहे. जागा कमी असली तर माझं पत्र पाहिजे तेवढं कापा, पण हा नंबर छापा, आणि पुढच्या वेळी अशा सिनेमाच्या प्रतिक्रिया घ्याल तेव्हा त्यांच्यासंगही छापा.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ